लॅपटॉपची एफ-१ ते एफ-१२ बटणं चालत नाहीत? कीबोर्ड बदलण्याआधी एवढं तपासा

घरात लॅपटॉप एक आणि वापरणारे चार, हे आपल्याकडचं नेहमीचं चित्र आहे. सकाळी मुलगी कॉलेजचा प्रोजेक्ट करते, दुपारी कुणीतरी शिष्यवृत्तीचा फॉर्म भरतं, संध्याकाळी अब्बू दुकानाचा हिशेब एक्सेलमध्ये टाकतात आणि रात्री धाकटा गेम खेळतो. मग एक दिवस कीबोर्डची सगळ्यात वरची ओळ ऐकेनाशी होते. एफ-५ दाबलं तर पान रिफ्रेश होत नाही, उलट स्क्रीन अंधारते. एफ-२ दाबलं तर फाइलचं नाव बदलायची चौकट येत नाही, आवाज कमी होतो. किंवा काहीच होत नाही.

यावर बहुतेक घरांत दोनच इलाज होतात. एक तर लॅपटॉप उचलून दुकानात न्यायचा आणि "कीबोर्ड गेलाय, बदलावा लागेल" हे ऐकून हजार-दोन हजार मोजायचे. नाहीतर ओळखीतला कुणी मुलगा विंडोज नव्याने टाकून देतो, म्हणजेच फॉरमॅट मारतो. त्यात घरचे फोटो, मुलांच्या नोट्स, स्कॅन करून ठेवलेले दाखले, सगळं जाऊ शकतं. आणि एवढं करूनही बटणं चालतीलच असं नाही.

खरी गोष्ट अशी आहे की वरची सगळी ओळ एकदम "बंद" झाली असेल, तर बहुतेक वेळा बटणं मोडलेली नसतात. त्यांना दुसरं काम लावून दिलेलं असतं. हे कसं होतं ते समजलं की घरीच पाच मिनिटांत कळतं, की आपल्याला सेटिंग बदलायची आहे, सॉफ्टवेअर टाकायचं आहे, की खरोखरच दुकान गाठायचं आहे.

एका बटणाची दोन कामं

१९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हा त्याच्या कीबोर्डवर फंक्शनची दहाच बटणं होती आणि तीही डाव्या बाजूला. १९८०च्या दशकाच्या मध्यावर ती बारा झाली आणि वरच्या ओळीत गेली. आजवर ती तिथेच आहेत. त्यांची कामं बऱ्यापैकी ठरलेली आहेत. एफ-१ मदत दाखवतं, एफ-२ फाइलचं नाव बदलतं, एफ-५ ब्राउझरचं पान ताजं करतं आणि पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो सुरू करतं, एफ-७ वर्डमध्ये स्पेलिंग तपासतं, एफ-११ पान पूर्ण स्क्रीनभर करतं, एफ-१२ वर्डमध्ये फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करायची चौकट उघडतं.

लॅपटॉपमध्ये जागा कमी. आवाज, ब्राइटनेस, वायफाय, टचपॅड यांच्यासाठी वेगळी बटणं कुठे बसवणार? म्हणून कंपन्यांनी याच बारा बटणांवर दुसरी कामं चढवली. बटणावर जे छोटं सूर्याचं, स्पीकरचं किंवा विमानाचं चित्र दिसतं, ते हे दुसरं काम. दोन्हींमध्ये निवड करायला खाली डावीकडे, कंट्रोलच्या शेजारी एफएन नावाचं बटण दिलेलं असतं.

आता खरी मेख इथे आहे. बटण नुसतं दाबलं तर कोणतं काम व्हायचं आणि एफएन धरून दाबलं तर कोणतं, हे पक्कं नसतं, उलटवता येतं. पूर्वीच्या बऱ्याच लॅपटॉपवर नुसतं दाबलं की एफ-५ चालायचं. आजकाल घरगुती वापराचे पुष्कळ लॅपटॉप कंपनीतूनच उलटे येतात. नुसतं दाबलं की आवाज किंवा ब्राइटनेस, आणि एफ-५ हवं असेल तर एफएन धरायचं. शिवाय चुकून दोन बटणं एकत्र दाबली गेली, तरी ही निवड उलटते. लहान मूल कीबोर्डवर हात मारतं, कुणी पुसताना दाबतं, आणि घरात गोंधळ सुरू होतो.

आधी हा एक प्रश्न: किती बटणं बंद आहेत?

डॉक्टर आधी "कुठे दुखतंय" विचारतात, तसंच इथे करायचं. तीनपैकी काय होतंय ते बघा.

एक, बाराही बटणं भलतंच काम करतात. मग ही सेटिंगची गोष्ट आहे.

दोन, एफ-१ ते एफ-१२ ही कामं नीट होतात, पण ब्राइटनेस, वायफाय, टचपॅड अशी चित्रांची कामं होत नाहीत. मग हा सॉफ्टवेअरचा मामला आहे.

तीन, एखादंच बटण किंवा तीन-चार बटणांचा गट पूर्णपणे मुका आहे. मग बटणातच बिघाड असण्याची शक्यता जास्त.

ही विभागणी केली की अर्धं काम झालं. आता एकेक बघू.

पहिलं: सगळी ओळ उलटी झाली असेल तर

प्रथम एफएन धरून एफ-५ दाबून बघा. पान रिफ्रेश झालं? मग कीबोर्ड ठणठणीत आहे. फक्त कुलूप उलटं लागलंय. यालाच एफएन लॉक म्हणतात.

हे कुलूप उघडायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे एफएन धरून एस्केप दाबणं. एस्केपच्या बटणावर छोटं कुलूप किंवा एफएन असं लिहिलेलं असेल, तर तुमच्या लॅपटॉपवर ही सोय आहे. लेनोव्हो, डेल आणि आसुसच्या बऱ्याच मॉडेलवर हे चालतं. एकदा दाबलं की उलटं, पुन्हा दाबलं की सुलटं. काही लॅपटॉपवर त्या बटणावर बारीक दिवाही लागतो.

एस्केपने झालं नाही, तर ही सेटिंग बायॉसमध्ये असते. बायॉस म्हणजे विंडोज सुरू होण्याच्याही आधी चालणारा लॅपटॉपचा मूळ प्रोग्राम. लॅपटॉप चालू करताच डेल, एसर आणि आसुसवर एफ-२ वारंवार दाबायचं, एचपीवर एफ-१०. लेनोव्होच्या घरगुती मॉडेलवर एफ-२, तर थिंकपॅडवर एफ-१. आत गेल्यावर एचपीमध्ये "सिस्टम कॉन्फिगरेशन" मध्ये "ॲक्शन कीज मोड" नावाची ओळ असते. तिथे "डिसेबल्ड" केलं की नुसतं दाबून एफ-१ ते एफ-१२ चालतात. लेनोव्होच्या घरगुती मॉडेलवर हीच गोष्ट "कॉन्फिगरेशन" मध्ये "हॉटकी मोड" या नावाने सापडते. एसरमध्ये "मेन" पानावर "फंक्शन की बिहेवियर" असतं आणि त्यात "मीडिया की" व "फंक्शन की" असे दोन पर्याय असतात. डेलमध्येही फंक्शन की किंवा एफएन लॉक अशाच नावाचा पर्याय शोधा. बदल करून सेव्ह करा आणि बाहेर पडा.

आता कुणी म्हणेल, एफ-२ चालतच नाही तर बायॉसमध्ये जायचं कसं? त्याचीही वाट आहे. विंडोज १० किंवा ११ मध्ये शिफ्ट धरून ठेवा आणि स्टार्ट मेनूतून माउसने "रीस्टार्ट" वर क्लिक करा. निळी स्क्रीन येईल. तिथे "ट्रबलशूट", मग "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स", मग "यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज" निवडा. लॅपटॉप स्वतःच बायॉसमध्ये जाईल.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. बायॉसमध्ये ही एकच ओळ बदला, बाकी कशाला हात लावू नका. आणि लॅपटॉपवर बिटलॉकर चालू असेल, तर आत जाण्याआधी त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवा. ती ४८ अंकी असते आणि बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली सापडते. बायॉसमधल्या काही बदलांनंतर विंडोज ती मागतं, आणि ती नसेल तर स्वतःच्याच लॅपटॉपला आपण परके होतो.

ॲपलचा मॅकबुक असेल तर बायॉसची भानगड नाही. सिस्टम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड उघडा, "कीबोर्ड शॉर्टकट्स" वर जा, तिथे "फंक्शन कीज" मध्ये एफ-१, एफ-२ ही बटणं नेहमीच्या फंक्शन कीसारखी वापरायचा पर्याय चालू करा.

दुसरं: चित्रांची कामं बंद असतील तर

हा प्रकार जास्त करून विंडोज नव्याने टाकल्यावर दिसतो. सेकंडहँड लॅपटॉप घेतला, दुकानदाराने नवं विंडोज टाकून दिलं, सगळं छान चालतंय, पण ब्राइटनेस कमी-जास्त होत नाही. याचं कारण साधं आहे. ब्राइटनेस, टचपॅड, विमान अशा बटणांचा अर्थ विंडोजला आपोआप कळेलच असं नाही. बऱ्याचदा तो समजावून सांगायला कंपनीचा छोटा प्रोग्राम लागतो. नुसतं विंडोज टाकलं तर तो मागे राहून जातो.

इलाज असा. लॅपटॉपच्या खालच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर मॉडेल आणि सीरियल नंबर असतो. कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवर सपोर्टच्या पानावर तो टाका. तिथे हॉटकीचा प्रोग्राम मिळतो. लेनोव्होला तो हॉटकीज नावाने किंवा लेनोव्हो व्हँटेजबरोबर येतो, एचपीला हॉटकी सपोर्ट किंवा सिस्टम इव्हेंट युटिलिटी, आसुसला सिस्टम कंट्रोल इंटरफेस, एसरला क्विक ॲक्सेस. हे फुकट असतं. "ड्रायव्हर मोफत" म्हणून जाहिरात करणाऱ्या भलत्याच साइटवरून काहीही उतरवू नका. तिथून व्हायरस घरात येतो.

फक्त ब्राइटनेसच बंद असेल, तर आणखी एक जागा तपासा. स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक करून "डिव्हाइस मॅनेजर" उघडा आणि "डिस्प्ले ॲडॉप्टर्स" मध्ये काय लिहिलंय ते बघा. "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर" असं दिसलं, तर स्क्रीनचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. तो कंपनीच्या साइटवरून टाकला की ब्राइटनेस सहसा परत येतो. कीबोर्डचा यात काही दोष नसतो.

याच ठिकाणी दोन साधे उपायही करून बघा. पहिला, लॅपटॉप "शट डाउन" नव्हे तर "रीस्टार्ट" करा. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, आणि अडकलेली गोष्ट तशीच अडकून राहते. रीस्टार्टमध्ये तो नव्याने सुरू होतो. दुसरा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये "कीबोर्ड्स" खाली जे नाव दिसेल त्यावर उजवं क्लिक करून "अनइन्स्टॉल डिव्हाइस" करा आणि माउसने रीस्टार्ट करा. घाबरू नका, विंडोज तो ड्रायव्हर पुन्हा आपोआप बसवतं.

अक्षरंही उशिरा उमटत असतील, बटण दाबून धरावं लागत असेल, तर "फिल्टर कीज" चालू झालेलं असू शकतं. उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिली की ते चालू करायचं का असं विंडोज विचारतं, आणि मुलं न वाचता "येस" म्हणतात. सेटिंग्जमध्ये "ॲक्सेसिबिलिटी" आणि त्यात "कीबोर्ड" उघडून ते बंद करा. विंडोज १० मध्ये याच जागेला "ईज ऑफ ॲक्सेस" म्हणतात.

तिसरं: एकच बटण किंवा बटणांचा गट मुका असेल तर

कीबोर्डच्या आत प्रत्येक बटणासाठी वेगळी तार नसते. आडव्या-उभ्या रेषांची एक जाळी असते, आणि बटण दाबलं की एक आडवी आणि एक उभी रेषा जोडली जाते. त्यामुळे एक रेषा खराब झाली तर तिच्यावरची सगळी बटणं एकदम जातात. एफ-४ बरोबर वरवर काही संबंध नसलेली दोन-तीन अक्षरंही बंद पडली असतील, तर समजा आत रेषा तुटली आहे किंवा गंजली आहे. चहा-सरबत सांडणं, कोकणपट्टीतली दमट हवा, धूळ, बटणाखाली शिरणाऱ्या मुंग्या, ही त्याची नेहमीची कारणं.

बिघाड बटणात आहे की विंडोजमध्ये, हे ठरवायला दोन कसोट्या आहेत.

पहिली कसोटी ऑन-स्क्रीन कीबोर्डची. विंडोज, कंट्रोल आणि ओ ही तीन बटणं एकत्र दाबा. स्क्रीनवर कीबोर्ड येईल. त्यातलं एफएन माउसने दाबलं की एफ-१ ते एफ-१२ दिसतात. ब्राउझर उघडा ठेवून तिथलं एफ-५ क्लिक करा. पान रिफ्रेश झालं, म्हणजे विंडोजला एफ-५ कळतंय, दोष खालच्या बटणाकडे आहे.

दुसरी कसोटी बायॉसची. तिथे विंडोज नसतं. एफ-२ किंवा एफ-१० दाबून लॅपटॉप बायॉसमध्ये जातो आणि विंडोजमध्ये मात्र तेच बटण चालत नाही, तर बटण चांगलं आहे, गडबड विंडोजमध्ये आहे. दोन्हीकडे मुकं असेल, आणि बाहेरून यूएसबीचा कीबोर्ड लावल्यावर त्याची बटणं व्यवस्थित चालत असतील, तर लॅपटॉपचा कीबोर्ड किंवा त्याची आतली पट्टी यांच्यातच बिघाड आहे. दुकानात जायची वेळ आता आली.

जाण्याआधी एकदा लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग चालू करा. आतला कंट्रोलर अडकला असेल तर एवढ्याने सुटतो. बटणाखाली कचरा असेल तर लॅपटॉप बंद करून तिरका धरा, मऊ ब्रशने झाडा. बटणाची टोपी सुरीने उचकटू नका. खालची प्लॅस्टिकची कात्री बारीक असते, तुटली की पुन्हा बसत नाही.

चहा किंवा पाणी नुकतंच सांडलं असेल, तर बटणं तपासत बसू नका. चार्जर काढा, पॉवरचं बटण दाबून धरून लगेच बंद करा आणि लॅपटॉप उघडा ठेवून तंबूसारखा पालथा करा. हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका, तांदळाच्या डब्यात ठेवू नका, "चालतोय का बघू" म्हणून मध्येच चालू करू नका. दूध-साखरेचा चहा सुकला तरी चिकट राहतो, म्हणून तो उघडून साफ करून घेणंच बरं.

काम आजच अडलं असेल तर

फॉर्मची शेवटची तारीख आज आहे आणि दुरुस्तीला वेळ नाही, असंही होतं. तेव्हा हे पर्याय लक्षात ठेवा. एफ-५ ऐवजी कंट्रोल आणि आर. एफ-२ ऐवजी फाइलवर उजवं क्लिक करून "रीनेम". एफ-१२ ऐवजी फाइल मेनूतून "सेव्ह ॲज". ब्राइटनेस, आवाज आणि वायफायसाठी विंडोज आणि ए. प्रोजेक्टर जोडायला विंडोज आणि पी. वायफाय अचानक गेलं असेल, तर विमानाचं चित्र असलेलं बटण दाबलं गेलं नाही ना, हे राउटरला दोष देण्याआधी बघा. विंडोज आणि ए दाबून "एअरप्लेन मोड" तिथूनच बंद करता येतो. आणि फीचं पेमेंट चालू असताना एफ-५ असो वा कंट्रोल-आर, काहीच दाबू नका. व्यवहार अर्धवट अडकू शकतो.

तीन-चारशे रुपयांचा यूएसबी कीबोर्डही घरात असू द्यावा. परीक्षेच्या दिवसांत एफ-४ साठी लॅपटॉप आठवडाभर दुकानात ठेवण्यापेक्षा तो लावून अभ्यास चालू ठेवणं शहाणपणाचं.

दुकानात जाताना

वॉरंटी उरली आहे का, ते आधी सीरियल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर बघा. घरचे फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर काढून घ्या. ब्राउझरमधून ईमेल आणि बँकेचं लॉगिन बंद करा. लॅपटॉप परक्या हातात जाणार आहे, घरच्या बायका-मुलांचे फोटो त्यात राहू देऊ नयेत.

तिथे गेल्यावर "कीबोर्ड चालत नाही" असं मोघम सांगू नका. नेमकं सांगा: "एफ-३, एफ-४ आणि एक अंकाचं बटण चालत नाही. बायॉसमध्येही चालत नाही. बाहेरचा कीबोर्ड लावला तर चालतो. एफएन लॉक बघून झालाय." अशा गिऱ्हाइकाला विनाकारण विंडोज टाकून द्यायला कुणी धजत नाही. फॉरमॅटची गोष्ट निघालीच, तर सरळ विचारा, "बायॉसमध्ये बटण चालत नाही, मग विंडोज बदलून काय होणार?" काही लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरच्या कव्हरला प्लॅस्टिकच्या ठिपक्यांनी कायमचा चिकटवलेला असतो, तिथे मजुरी जास्त लागते. तेव्हा पार्ट किती आणि मजुरी किती, हे आधी वेगवेगळं विचारून घ्या.

आणि घरी एक काम मुलांवर सोपवा. तुमच्या लॅपटॉपवर एफएन लॉक कोणत्या दोन बटणांनी उलटतो, हे त्यांना शोधायला लावा आणि चिठ्ठीवर लिहून स्क्रीनच्या कोपऱ्याखाली चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी धाकट्याने कीबोर्डवर हात मारला, तर अम्मी स्वतःच ते सुलटं करतील.